गुण कोण देते, आणि कशाच्या आधारावर?

परीक्षेत मुलींनी बाजी मारली की वर्तमानपत्रात बातमी येते आणि आपण सुखावतो. पण ते गुण नेमके कशाचे, हे स्त्री-चळवळीने फारसे विचारलेले नाही. आता विचारायला हवे.

विद्यापीठाची लेखी उत्तरपत्रिका निदान नावाविना तपासली जाते. वेगवेगळ्या महाविद्यालयांचे प्राध्यापक एका केंद्रात बसून ती तपासतात, विद्यार्थिनीला छायाप्रत मागता येते. अंतर्गत गुणांना हे संरक्षण नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांच्या पदवी अभ्यासक्रमातही क्षेत्र प्रकल्प, समाजातले काम, प्रत्यक्ष कामाचा अनुभव अशा गोष्टी आल्या. मुलीला चार भिंतींबाहेर नेणारे हे शिक्षण मला मोलाचे वाटते. मात्र ते मोजायचे कसे, हे बहुतेक ठिकाणी एकट्या शिक्षकाच्या मनावर असते.

जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातली मुलगी माझ्याकडे आली होती. घोडेगावच्या कांदा बाजारात कांदा निवडणाऱ्या बायांशी बोलून तिने प्रकल्प लिहिला होता. मजुरी किती, लेकरे कुठे ठेवता, पाणी-मुतारीची सोय काय, हे सगळे त्यात होते. तिला तीसपैकी चौदा गुण पडले. इंटरनेटवरून उतरवलेल्या, छान बांधणीच्या प्रकल्पाला सव्वीस! कारण विचारल्यावर उत्तर आले, "मुलगी जरा उद्धट आहे." बायांनो, ज्या मोजपट्टीवर 'उद्धटपणा' मोजला जातो, ती मोजपट्टी ज्ञानाची नव्हे. आणि बंद दाराआड गुण देण्याची सत्ता एकाच हाती असली, की तिचा गैरवापर कसा होतो, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

यावर एक उपाय करून पाहण्याजोगा आहे. अमेरिकेतल्या महाविद्यालये व विद्यापीठांच्या राष्ट्रीय संघटनेने २००९ साली लेखन, चिकित्सक विचार अशा कौशल्यांसाठी सामाईक निकष-तक्ते प्रसिद्ध केले. त्यांना तिकडे रुब्रिक म्हणतात. एका बाजूला निकष, समोर चार पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर काम कसे दिसते याचे वर्णन. पुढे अनेक राज्यांतल्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांचे वर्गातलेच काम नावे काढून दुसरीकडच्या प्रशिक्षित प्राध्यापकांकडून तपासून घेतले. तिथे हेतू विद्यार्थ्याला गुण देण्याचा नव्हता, संस्थेत शिकणे कितपत होते ते पाहण्याचा होता. आपण ती रीत मुलीच्या न्यायासाठीही वापरू शकतो.

नेवासा, सोनई, शेवगाव, श्रीरामपूर इथल्या शिक्षकांनी एकत्र बसून एका पानाचा तक्ता करावा. माहिती स्वतः गोळा केली का? ज्यांच्याविषयी लिहिले त्यांचे म्हणणे आले का? निष्कर्षाला आधार आहे का? तक्ता वर्षाच्या सुरुवातीलाच मुलींच्या हाती द्यावा. काही प्रकल्प नावाविना शेजारच्या महाविद्यालयात पाठवावेत. दोघांच्या गुणांत मोठे अंतर पडले, तर दोघांनी बसून कारण लिहावे.

"सगळ्यांना एकच फूटपट्टी लावणे अन्यायाचे," असे काही मैत्रिणी म्हणतील. खेड्यातून एसटीने येणारी मुलगी आणि घरी संगणक असलेला मुलगा सारखे नाहीत, हे खरेच. पण फूटपट्टी आजही आहे, फक्त ती दिसत नाही. दिसणाऱ्या फूटपट्टीशी भांडता येते. म्हणून 'सादरीकरण' या नावाखाली रंगीत छपाईला गुण नकोत, आणि तक्ता मराठीतच हवा. ज्या नेवाशात शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ मराठीत आला, तिथे हे सांगावे लागू नये.

खरी अडचण दुसरी आहे. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या शिक्षकांवर, त्यात कितीतरी बाया आहेत, हे आणखी एक बिनपगारी ओझे पडेल. या वाचनाचे तास धरून मानधन मिळालेच पाहिजे. नाहीतर तक्ते नॅकच्या फायलीत जातील आणि मुली होत्या तिथेच राहतील.

फुल्यांच्या पुण्यातल्या शाळांमधल्या मुलींची परीक्षा १८५२ साली जाहीरपणे, लोकांसमोर झाली होती. मुली शिकू शकतात हे तेव्हा समाजाला दाखवायचे होते. आज संस्थांनी मुलींना दाखवायचे आहे, की आपण प्रामाणिकपणे मोजतो. तुमच्या गावच्या महाविद्यालयात अंतर्गत गुण कसे दिले जातात, ते विचारा आणि आम्हाला कळवा.