साडेतीन डॉलरमध्ये बार्बाडोस

२९ जून २०२४ ची रात्र आठवते ना? केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर सूर्यकुमारने सीमारेषेवर तो झेल घेतला, भारताने दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवले आणि आमच्या चाळीत मध्यरात्री फटाके वाजले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी मला विचारले, "भाऊ, हे बार्बाडोस आलं कुठं?" मुलीच्या शाळेचा नकाशा काढून दाखवला. वेस्ट इंडीजच्या बेटांत अगदी पूर्वेकडचा हा ठिपका. लांबी सुमारे ३४ किलोमीटर, म्हणजे चर्चगेटहून बोरिवली गाठावी एवढीच, आणि रुंदी २३ किलोमीटर. त्यावेळी मला काय ठाऊक, की पुढच्याच वर्षी माझा सख्खा भाचा तिथल्या बंदरातून फोन करील!

भाचा प्रवासी जहाजावर हाऊसकीपिंगमध्ये आहे. खोल्या झाडणे, चादरी बदलणे, न्हाणीघरे घासणे. दिवसाचे दहा-अकरा तास. ताईने पतपेढीचे कर्ज काढून त्याचे प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी आणि कागदपत्रे केली. (आपल्या वस्त्यांतून पुष्कळ मुले आता या नोकरीकडे वळत आहेत, म्हणून एक गोष्ट मध्येच सांगून ठेवतो. जहाजावर नोकरी लावून देण्याबद्दल एजंटाने उमेदवाराकडून पैसे घेणे नियमात बसत नाही. कोणी लाखभर रुपये मागितले तर तिथूनच परत फिरा.)

तर त्याचा फोन आला. "मामा, जयभीम. जहाज बार्बाडोसला लागलंय. सहा तास सुट्टी आहे."

"अरे मग फिरून ये की! फोन कसला करतोस?"

"टॅक्सीवाला तीस डॉलर सांगतो, मामा. अमेरिकन. म्हणजे अडीच हजाराच्या वर गेले. बाहेर फिरणं हे पॅसेंजर लोकांचं काम. आपण बंदराच्या गेटपाशी बसायचं, आईशी बोलायचं आणि परत कामावर."

त्याची ती बार्बाडोसची तिसरी खेप होती. तीनदा बेटावर जाऊन पोराने बेट पाहिले ते गेटातून. मला ही गोष्ट लागली. परिस्थिती तशी आहे म्हणून नव्हे, तर त्याने ती इतक्या सहज मान्य केली म्हणून. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा भाऊ त्याच मार्गावर नोकरी करून आलेला. त्याला गाठले, मिळेल तिथून माहिती जमवली आणि पुढच्या खेपेआधी भाच्याला हिशोब मांडून पाठवला. तोच इथे देतो.

बार्बाडोसमध्ये बसचे भाडे एकच, साडेतीन बार्बाडोस डॉलर. दोन थांबे जा नाही तर बेटाच्या दुसऱ्या टोकाला जा, तेवढेच. २०१९ साली ते दोनवरून साडेतीन झाले. तिथले दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक, हा दर ठरलेला आहे. तेव्हा एका वेळचे भाडे पावणेदोन अमेरिकन डॉलर, आपले दीडशे रुपये धरा. जाऊन-येऊन तीनशे. आपल्याकडच्या बसच्या मानाने महागच, पण टॅक्सीच्या अडीच हजारांपुढे काहीच नाही.

गाड्या तीन तऱ्हेच्या. निळी, पिवळ्या पट्ट्याची, ती सरकारी. तिथले परिवहन मंडळ १९५५ पासूनचे; २०२० पासून त्यांच्या विजेवर चालणाऱ्या बसही आल्या. या गाडीत सुटे नेमके द्यावे लागतात, पाचाची नोट दिलीत तर वरचे पैसे गेले. पिवळी, निळ्या पट्ट्याची, ती खाजगी मिनीबस. आणि तिसरी पांढरी, लाल-किरमिजी पट्ट्याची छोटी व्हॅन. तिच्या नंबरप्लेटवर 'झेड आर' ही अक्षरे असतात, म्हणून तिचे नावच झेडआर पडले. तिच्याबद्दल भाचा म्हणाला ते असे: "मामा, आपली शेअर रिक्षा मोठी केली आणि आत डीजे बसवला की झाली झेडआर." भरेपर्यंत हलत नाही, भरल्यावरही आणखी दोघांना घेते, आणि कंडक्टर सगळ्यांना 'जरा सरकून घ्या' म्हणतो. मुंबईच्या मुलाला यात शिकण्यासारखे काही नाही. मात्र गाडीत चढताना 'गुड मॉर्निंग' म्हणायची तिथे रीत आहे; न बोलता घुसणारा माणूस उद्धट समजतात.

बंदरातून राजधानी ब्रिजटाउन चालत वीस-पंचवीस मिनिटांवर. उत्तरेला आणि पश्चिम किनाऱ्याला जायचे तर वाटेतच प्रिन्सेस ॲलिस हे बसस्थानक लागते. दक्षिण-पूर्वेच्या सरकारी गाड्यांसाठी शहर ओलांडून फेअरचाइल्ड स्ट्रीटला जावे लागते. हे चालणे टाळू नका असे मी त्याला मुद्दाम कळवले होते, कारण वाटेत नॅशनल हीरोज चौक आहे. इथे १८१३ सालापासून इंग्रज आरमाराच्या नेल्सनचा पुतळा उभा होता. १६ नोव्हेंबर २०२० रोजी तो सरकारनेच काढला आणि पुढच्या वर्षी, ३० नोव्हेंबर २०२१ ला, बार्बाडोस प्रजासत्ताक झाले. बसमध्ये जी माणसे आपल्या शेजारी बसतात त्यांतल्या बहुतेकांचे पूर्वज उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. १८१६ साली बुसा नावाच्या गुलामाच्या नावाने ओळखला जाणारा मोठा उठाव झाला. १८३४ साली कायद्याने गुलामगिरी संपली, तरी 'उमेदवारी'च्या नावाखाली आणखी चार वर्षे त्याच मालकाकडे राबावे लागले. शहराच्या पूर्वेला मोठ्या चौकात साखळ्या तोडलेल्या माणसाचा पुतळा १९८५ पासून उभा आहे.

पहिल्या फेरीला भाचा पश्चिम किनाऱ्याला गेला. हा धनिकांचा किनारा. एका रात्रीच्या भाड्यात आपला महिन्याचा पगार जाईल अशी तिथली हॉटेले. पण बार्बाडोसमध्ये समुद्रकिनारा सर्वांचा आहे. हॉटेलच्या आवारातून जाता येत नाही, खुर्च्या-छत्र्यांचे पैसे पडतात, पण मधूनमधून रस्त्यावरून पाण्यापर्यंत वाटा ठेवलेल्या आहेत आणि वाळूवर बसण्यापासून कोणी उठवू शकत नाही. हे मी त्याला दोनदा लिहिले, तरी त्याचा फोन आलाच. "मामा, बसलोय. पण कुणी उठवलं तर?" पाण्याजवळ जायचा हक्क कोणाला, ही शंका आपल्या घरातल्या पोराला शिकवावी लागत नाही. मी म्हटले, "बस. पोहून घे." तासाभराने त्याने फोटो पाठवला. ओले केस, आणि मागे आपल्याच जहाजावरचे पाहुणे. त्यांनी त्याला ओळखलेही नाही म्हणे.

दुसऱ्या फेरीला मात्र फजिती झाली. फेअरचाइल्ड स्ट्रीटहून बाथशिबाची सरकारी बस धरून तो पूर्व किनाऱ्याला गेला. उसाची शेते, चढ-उतार, तासाभराचा रस्ता. तिकडे अटलांटिकच्या लाटा उसळतात आणि किनाऱ्यावर अळंबीसारखे भले मोठे खडक उभे आहेत. पोहायचे नाही, ओढ फार असते, बघायचे. बसमध्ये शेजारी एक आजीबाई होत्या. त्यांनी खिडकीतून हात दाखवून सांगितले, की या पाण्यापलीकडे थेट आफ्रिका. भाचा म्हणतो, "एवढंच बोलल्या आणि गप्प झाल्या. मीही गप्प बसलो."

जेवण त्याने स्वस्तात केले. मिठाच्या पावात दोन माशांचे वडे, त्याला तिथे 'ब्रेड अँड टू' म्हणतात. वडापावचाच भाऊ. पाणी विकत घेऊ नये. बेट प्रवाळ-खडकाचे असल्याने पाणी त्यातून गाळून येते आणि नळाचे पाणी चांगले आहे. जहाजावरून बाटली भरून न्यावी.

परतीला तो थांब्यावर येऊन उभा राहिला. तिथल्या थांब्यांच्या गोल पाटीवर एवढेच लिहिलेले असते: 'शहराकडे' किंवा 'शहराबाहेर'. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने. तरी पोराने घाईत पाटी वाचली नाही. समोरच्या बाजूने शहराकडची बस निघून गेली आणि हा बघत राहिला. पुढची पन्नास मिनिटांनी आली. साडेचारला जहाजावर हजर व्हायचे, आणि ब्रिजटाउनला उतरला तेव्हा पावणेचार झालेले. तिथून बंदरापर्यंत तो पळतच गेला. चार वाजून दहा मिनिटांनी जहाजाच्या शिडीवर. जहाज चुकले असते तर नोकरी गेली असती आणि कर्जाचे सव्वीस हप्ते ताईच्या डोक्यावर राहिले असते. ताईला हे अजून सांगितलेले नाही. ती हे पान वाचते, तेव्हा आता कळेलच.

म्हणून जाताना जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट परतीसाठी हातात ठेवावा. जहाजाचे घड्याळ आणि बेटाचे घड्याळ कधी कधी तासाने वेगळे असते, तेही उतरण्यापूर्वी विचारून घ्यावे. मोबाईलवर विसंबू नये. टॅक्सी करावीच लागली तर मीटर नसतो, बसण्याआधी भाडे ठरवावे. चौघे मिळून केली तर परवडतेही. आणि लष्करी छापाचे कपडे नकोत. हाफपँट असो की टोपी, तिथे सैन्याबाहेरच्या माणसाने तसला कपडा घालणे गुन्हा आहे. भाच्याने फॅशन स्ट्रीटवरून घेतलेली तसलीच पँट नेली होती, ती आता पेटीच्या तळाशी आहे.

पुढच्या खेपेला तो उत्तरेच्या स्पाइट्सटाउनला जाणार म्हणतो, आणि या वेळी केरळच्या एका खोलीसोबत्याला घेऊन. तो मुलगाही आजवर गेटापुढे गेलेला नाही. मी कळवले आहे, दोघांचे मिळून चौदा डॉलर सुटे करून ठेव.