शस्त्रक्रियेला पैसे, औषधाला नकार

वजन कमी करण्याच्या औषधाचा खर्च विम्याने का उचलावा, असे विचारणाऱ्यांचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते: ही सुखवस्तू लोकांची चैन आहे, तिचा भार इतरांच्या हप्त्यावर कशाला? या मताला उत्तर द्यायला आपल्या पॉलिसीतलेच एक कलम पुरेसे आहे. विमा नियामक 'इर्डा'ने सप्टेंबर २०१९ मध्ये आरोग्य विम्यातून वगळायच्या गोष्टींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यातले ०६ क्रमांकाचे कलम लठ्ठपणाचे. बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ३५ वा त्याहून जास्त असून सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप अ‍ॅप्निया अथवा आटोक्यात न येणारा मधुमेह असेल आणि वजन घटवण्याचे सौम्य उपाय करूनही यश आले नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च मान्य होऊ शकतो. म्हणजे जठर कापायची वेळ येते तेव्हा लठ्ठपणा हा आजार आहे, हे विमा कंपनीला मान्य आहे. सौम्य उपाय आधी करून पाहा, हेही तीच सांगते. पण त्या उपायांचे पैसे रुग्णाने पदरचे घालायचे. सर्वसाधारण पॉलिसी चोवीस तास भरती झाल्याशिवाय हलत नाही आणि आठवड्याला एकदा घरीच घ्यायचे इंजेक्शन ओपीडीत मोडते. नेमकी ही विसंगती मला असह्य वाटते.

पदरचे म्हणजे किती, हे वऱ्हाडाच्या हिशेबाने पाहू. वजन घटवणाऱ्या सेमाग्लुटाइडचे 'वेगोव्ही' हे इंजेक्शन जून २०२५ मध्ये भारतात आले तेव्हा सर्वात कमी मात्रेचा महिन्याचा खर्च १७,३४५ रुपये होता. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. दोन क्विंटल कापूस हमीभावाने गेला तरी एका महिन्याचे औषध येत नव्हते, आणि अकोला-अमरावतीच्या बाजारात हमीभाव हाती पडेलच याची खात्री कुणी द्यावी? पुढे नोव्हेंबरमध्ये कंपनीने किमती ३७ टक्क्यांपर्यंत उतरवल्या आणि मार्च २०२६ मध्ये पेटंट संपल्याने देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली. त्यावर लगेच म्हटले जाते की आता औषध स्वस्तच होणार, मग विमा हवा कशाला? हा युक्तिवाद उलटा आहे. औषध महाग होते तेव्हा निदान परवडत नाही हे कारण विमा कंपनीपाशी होते. किंमत उतरली की तेही उरत नाही. रुग्णाला मात्र हा खर्च वर्षानुवर्षे करायचा आहे, तपासण्या आणि डॉक्टरांची फी वेगळी.

'हातपाय हलवा, जेवण आवरा, औषध कशाला?' हा आक्षेप सर्वात जुना आणि सर्वात लोकप्रिय. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या 'स्टेप १' चाचणीत दोन्ही गटांना आहार-व्यायामाचे मार्गदर्शन होते. ६८ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी घटले, नुसते मार्गदर्शन मिळालेल्यांचे २.४ टक्क्यांनी. चिकाटी नाही म्हणून रुग्णाला दोष देणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. २०२३ च्या 'सिलेक्ट' चाचणीत हृदयविकार असलेले, पण मधुमेह नसलेले १७,६०४ लठ्ठ वा जादा वजनाचे रुग्ण होते. औषधाने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटले. याला सौंदर्योपचार कसे म्हणायचे? औषध थांबवले की वजन परत चढते, हे खरेच आहे. वर्षभरात घटलेल्यापैकी दोन-तृतीयांश वजन परतल्याचे नोंदले गेले आहे. पण म्हणूनच खिशातून चालणारा उपचार सर्वात वाया जाणारा. पैसे संपले की इंजेक्शन थांबते आणि आधीचा खर्चही मातीत जातो.

हप्ते वाढण्याची भीती मी हलकी मानत नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या कर्मचारी योजनेने खर्च पेलेना म्हणून एप्रिल २०२४ पासून लठ्ठपणासाठी हे औषध देणे बंद केले. पण तिथले भाव आणि पेटंट संपल्यानंतरचे आपले भाव यांची तुलना होत नाही. शिवाय सरसकट सगळ्यांना द्या, अशी मागणीच नाही. ०६ क्रमांकाच्या कलमात शस्त्रक्रियेला पात्र ठरणारा जो रुग्ण आहे, निदान त्याला तरी आधी औषध मिळावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा देणे बंधनकारक केले. वगळलेला आजार आत आणता येतो, याचे हे उदाहरण. आणि भरती न होता औषध देणारा विमाही आपल्याला नवा नाही. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआयसीच्या दवाखान्यातून ओपीडीची औषधे मिळतातच.

सर्वात बोचरा आक्षेप आपल्याच अमरावती जिल्ह्यातला आहे. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्यात कुपोषणाने बालके दगावतात आणि तुम्ही लठ्ठपणाच्या औषधाला सरकारी पैसा मागता? मेळघाटाचा हक्क पहिला, त्यात कपात करून काहीही नको. पण हे दोन प्रश्न एकमेकांचे वैरी नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतल्या माता-बालकांचा जो अभ्यास चालवला, त्यात आपली बाळे वजनाने लहान, तरी त्या मानाने चरबी जास्त असलेली आढळली. गर्भातली उपासमार आणि पुढचा मधुमेह एकाच साखळीत आहेत. म्हणूनच भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा बीएमआय २५ वर धरतात, आणि पॉलिसी मात्र ३५-४० वर अडून बसते.

सरकारी आरोग्य विम्याची राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत अमरावती होता. तिची महात्मा फुले जन आरोग्य योजना झाल्यावरही अमरावती-अकोल्याच्या पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांना तिने सामावून घेतले. आज तीच योजना अँजिओप्लास्टी आणि डायलिसिसचे पैसे देते. ती वेळ लांबवणारे औषध मधुमेहासह लठ्ठपणा आणि हृदय वा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत घेतले आहे. राज्याने जेनेरिक सेमाग्लुटाइड घाऊक दराने घ्यावे आणि अमरावतीचे सुपर स्पेशालिटी व अकोल्याचे सर्वोपचार या रुग्णालयांच्या ओपीडीतून तज्ज्ञांच्या चिठ्ठीवर याच रुग्णांपासून देणे सुरू करावे. खासगी कंपन्यांसाठी इर्डाने ०६ क्रमांकाच्या कलमात एवढीच दुरुस्ती करावी: ज्या सौम्य उपायांचे अपयश तुम्ही अट म्हणून मागता, त्यांचा खर्चही तुम्हीच द्या.