रेघ सीनेची, विस्मरण आपले

‘हैदराबाद गॅझेटियर’ हे शब्द आज बीड जिल्ह्यातील पारापारावर ऐकू येतात. मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ साली न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य शासनाने या गॅझेटियरचा आधार घेणारा निर्णय काढला. आरक्षणाच्या वादात शिरणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. परंतु त्या निमित्ताने एक कटू सत्य उघडे पडले. आपल्या आजा-पणजांचा ठावठिकाणा सांगणाऱ्या कागदांसाठी आपल्याला हैदराबादच्या दफ्तराचे दार ठोठवावे लागते! नोंदींची ही अवस्था, तर एकोणिसाव्या शतकातील सरहद्दीच्या नकाशांची आठवण तरी कोणाला असणार?

बीड हा तेव्हा सरहद्दीचाच मुलूख होता. पश्चिमेला इंग्रजांचा नगर जिल्हा, पूर्वेला निजामाचे राज्य. आष्टीच्या कडेने वाहणारी सीना काही अंतरापर्यंत या दोन सत्तांमधील सीमा बनली होती. नगरकडची माणसे अलीकडच्या मुलखाला ‘मोगलाई’ म्हणत. सीमेवर करोडगिरीचे नाके होते. नाका ओलांडला की कंपनीचा रुपया मागे पडे आणि हाली सिक्का सुरू होई. नकाशात मात्र ही सरहद्द एका रंगाच्या शेवटाएवढी सोपी दिसते.

ती सोपी नव्हती. जामखेड तालुक्यातील इंग्रजी गावे निजामी मुलखात विखुरलेली होती. ज्याला आपण सरसकट ‘निजामाचा मुलूख’ म्हणतो तोही दिवाणी, सर्फ-ए-खास, पायगा आणि जहागिरी अशा तुकड्यांत विभागलेला होता. एका रंगाखाली चार धनी! सर सालारजंगांनी १८६५ साली जिलाबंदी केली, तेव्हा कुठे त्या राज्याला जिल्ह्यांची सुसूत्र आखणी लाभली.

आणि ही रेघ आखली कोणी? बीडच्या सीमेलगत, जामखेड तालुक्यातील खर्डा येथे मार्च १७९५ मध्ये मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. तहाने दौलताबादच्या किल्ल्यासह मोठा प्रदेश पदरात पडला. पण लगोलग पेशवाईच्या वारशाचा तंटा माजला आणि रणात मिळवलेले बव्हंशी घरभेदात गमावले. १८१८ साली पेशवाई बुडाली, नगर इंग्रजांकडे गेले आणि सरहद्दीच्या पलीकडचा शेजारी बदलला. त्याच वर्षी बीड भागात धर्माजी प्रतापराव यांनी निजामी सत्तेविरुद्ध उठाव केला. किती शाळकरी मुलांना हे नाव ठाऊक आहे?

पुढचा अध्याय अधिक बोलका आहे. कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड, रायचूर दोआब आणि आपल्या शेजारचा धाराशिव-नळदुर्गचा प्रदेश ताब्यात घेतला. १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर परत केले, वऱ्हाड ठेवून घेतले. म्हणजे सात वर्षांत नकाशाचा रंग दोनदा पालटला; शेतात राबणारा कुणबी मात्र तोच राहिला. त्याला कोणी विचारले होते? कर्जाच्या वहीतील एक बाब, एवढीच त्या भूमीची किंमत!

तरीही आमचे काही विद्वान हीच रेघ दोन संस्कृतींची सीमा असल्याच्या थाटात मांडतात. मराठवाड्याचा मागासलेपणा, त्याची ‘वेगळी’ घडण, सारे काही या रेघेत शोधतात. राजवटीचे परिणाम कोणी नाकारू नयेत. करपद्धती वेगळी होती, दफ्तराची भाषा फारसी आणि पुढे उर्दू होती, शाळा तुटपुंज्या होत्या. पण राजवट वेगळी म्हणून समाज वेगळा, हे अनुमान निघते कोठून? परंपरेने जालिंदरनाथांचे स्थान बीड जिल्ह्यातील येवलवाडीस, तर त्यांचे शिष्य कानिफनाथ नगर जिल्ह्यातील मढीस. गुरू मोगलाईत आणि शिष्य इंग्रजी अमलात! मढीच्या यात्रेला निघालेल्या भाविकाने करोडगिरीच्या नाक्याला संस्कृतीची वेस मानले नाही. सोयरिकी तुटल्या नाहीत, पंढरीची वाट बदलली नाही.

नावांचेही तसेच. मुकुंदराज व दासोपंतांचे अंबाजोगाई निजामी राजवटीत मोमिनाबाद झाले. बीड इंग्रजी ग्रंथांत ‘भीर’ म्हणून छापले गेले. लोकांच्या ओठी अंबा ती अंबाच राहिली.

येथवर वाचून स्वकीयांनी सुखावू नये. दोष आपल्याही पदरात आहे. आपण अभिमानाच्या घोषणा केल्या, पण कागद जमवले नाहीत. नगर जिल्ह्याचे गॅझेटियर १८८४ साली छापून निघाले. इंग्रजाने आपल्या सोयीसाठी का होईना, गावोगावची माहिती नोंदवली. आपण स्वराज्यात ते काम किती नेटाने केले? नकाशा परक्याने काढला म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. साक्षीदार पक्षपाती असला तरी त्याची उलटतपासणी घ्यायची असते, त्याला न्यायालयाबाहेर घालवायचे नसते. १८६५ मध्ये जॉन्सनने लडाखच्या सीमेवर केलेल्या मोजणीचा आणि १८९९ च्या मॅकार्टनी-मॅकडोनाल्ड प्रस्तावाचा वाद देशाला आजही पुरून उरला आहे. जुन्या नकाशांकडे दुर्लक्ष करण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही.

म्हणून मागणी साधी आहे. हैदराबाद, दिल्ली, डेहराडून आणि लंडन येथील दफ्तरखान्यांत या सरहद्दीचे जे जे नकाशे व तहनामे सापडतील, त्यांच्या प्रती बीडमध्ये सर्वांसाठी खुल्या व्हाव्यात. मोडी, फारसी आणि उर्दू वाचणारी तरुण मंडळी येथेच घडवावीत. नव्या नकाशाशेजारी जुना ठेवून मुलांना सीनेचा काठ चालत दाखवावा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले आणि रेघेमागची सत्ता संपली. त्या रेघेविषयीचे अज्ञान संपवणे मात्र पोलीस कारवाईने होणारे काम नव्हे; ते आपले आपल्यालाच करावे लागेल.