षटकारांचे पंचांग

चैत्र उजाडला, की आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात एकाच दिवशी दोन सण साजरे होतात. मराठी घरावर गुढी उभी राहते आणि शेजारच्या तेलुगू घरी उगादीची पच्चडी होते. संध्याकाळी देवळात पंचांगश्रवण असते. यंदा पाऊस किती, पीक कसे, कोणत्या राशीला आय किती आणि व्यय किती, हे शास्त्रीबुवा वाचून दाखवतात. पिढ्यान्‌पिढ्या पैनगंगेच्या अलीकडे राहिलेल्या आमच्या घरांनी हे श्रवण केव्हाच आपलेसे केले आहे.

गेली काही वर्षे याच सुमारास आणखी एक पंचांग घरोघर वाचले जाते. ते आयपीएलच्या नव्या हंगामाचे. कोणता संघ यंदा किती षटकार मारील, कोणाची धावसंख्या तीनशेची वेस ओलांडील, कोणता फलंदाज कोणाचा विक्रम मोडील, याची भाकिते वर्तमानपत्रांच्या क्रीडापृष्ठांवर, वाहिन्यांवर आणि मुलांच्या हातांतल्या मोबाइलवर सतत चालू असतात. देवळातल्या पंचांगाबद्दल आमची काही तक्रार नाही. ते निदान आय सांगते तसा व्ययही सांगते. तक्रार आहे ती या दुसऱ्या पंचांगाबद्दल, ज्यात फक्त आयच असते. आमचे मत आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो : हंगामापूर्वीचे षटकारांचे भाकीत हे खेळाचे ज्ञान नव्हे, तो विक्रीचा माल आहे, आणि त्याची किंमत आमच्या घरांतली मुले मोजत आहेत.

उदाहरण दूरचे नको, हैदराबादचेच घेऊ. २०२४ च्या हंगामात सनरायझर्स हैदराबादने खरोखरच थक्क करणारी फलंदाजी केली. २७ मार्च रोजी उप्पलच्या मैदानावर मुंबईविरुद्ध ३ बाद २७७, १५ एप्रिलला बेंगळुरूमध्ये ३ बाद २८७ आणि त्या एका डावात २२ षटकार. पुढे दिल्लीविरुद्ध पहिल्या ६ षटकांत बिनबाद १२५. अभिषेक शर्माने हंगामात ४२ षटकार मारले. हे सारे घडले, आणि ते पाहताना आम्हीही लहान मुलांसारखे टाळ्या पिटल्या. परंतु २६ मे रोजी चेन्नईला अंतिम सामना झाला, तेव्हा पहिल्याच षटकात मिचेल स्टार्कने याच अभिषेकचा त्रिफळा उडवला आणि हा सारा संघ ११३ धावांत गारद झाला. आयपीएलच्या अंतिम सामन्यातली तोवरची ती सर्वांत कमी धावसंख्या होती. कोलकात्याने ती ८ गडी राखून सहज पार केली.

एवढ्यावर भाकीतकारांनी काही धडा घ्यावा की नाही? त्यांनी उलटेच केले. २०२५ चा हंगाम तोंडावर आला, तेव्हा हैदराबाद तीनशे करणार का, हा प्रश्नच उरला नव्हता. कोणत्या तारखेला करणार, एवढेच ठरायचे होते. पहिल्याच सामन्यात, २३ मार्चला, राजस्थानविरुद्ध ६ बाद २८६ झाल्या आणि मग विचारूच नका. डेल स्टेनने तर १७ एप्रिल ही तारीखच जाहीर करून टाकली. स्टेन हा मोठा गोलंदाज. त्याने कौतुकाच्या भरात तसे म्हटले असेल. पण त्याचे बोल देशभर ब्रह्मवाक्यासारखे फिरले.

प्रत्यक्षात काय झाले? २७ मार्चला उप्पललाच लखनौविरुद्ध सामना होता. लखनौकडून गोलंदाजी करत होता पालघरचा शार्दूल ठाकूर. या माणसाला त्या वर्षीच्या लिलावात कोणीही विकत घेतले नव्हते. दुसरा गोलंदाज जायबंदी झाला म्हणून त्याला बोलावणे आले. त्याने ३४ धावांत ४ बळी घेतले आणि हैदराबादचा डाव ९ बाद १९० वर थांबला. त्या सामन्यापासून लागोपाठ चार पराभव झाले. त्यांतला चौथा ६ एप्रिलचा. त्या दिवशी हैदराबादच्याच मोहम्मद सिराजने, एका रिक्षाचालकाच्या मुलाने, गुजरातकडून खेळताना आपल्या घरच्या मैदानावर १७ धावांत ४ बळी घेतले. मग जाहीर झालेली ती १७ एप्रिलची तारीख उगवली. वानखेडेची खेळपट्टी संथ होती, मुंबईच्या गोलंदाजांनी वेग बदलून मारा केला, आणि तीनशेच्या मुहूर्तावर हैदराबादच्या धावा झाल्या ५ बाद १६२. हंगामाअखेरीस हा संघ सहाव्या क्रमांकावर राहिला. शेवटच्या सामन्यात त्याने ३ बाद २७८ केल्या हे खरे, पण तोवर बाद फेरीचे दार केव्हाच बंद झाले होते.

‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही म्हण ज्या घरात ऐकली नाही असे घर आपल्यात नसेल. तुरी अजून बाजारातच होत्या, आणि भांडण मात्र वरण घट्ट की पातळ याचे चालले होते.

यावर आम्हाला सांगण्यात येईल, की बाबांनो, हे आता शास्त्र आहे; तुम्हाला आकडेशास्त्र कळत नाही. म्हणून त्या शास्त्राच्या माहेरी जाऊ. अमेरिकेत बेसबॉल हा खेळ आहे. फटकावलेला चेंडू मैदानाच्या हद्दीत राहून हवेतूनच कुंपणापलीकडे गेला, की त्याला ‘होम रन’ म्हणतात. आपला षटकारच म्हणा. तिथे दर वर्षी हंगामापूर्वी कोणता संघ किती होम रन मारील याचे अंदाज निघतात. या अभ्यासाला शिस्त लावणाऱ्यांत बिल जेम्स हे नाव मोठे. डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रीचा पहारा करणाऱ्या या गृहस्थाने १९७७ पासून आपल्या आकडेवारीच्या वार्षिक पुस्तिका पदरमोड करून छापल्या. अशा अभ्यासकांचा अंदाज खेळाडूचे वय पाहतो, मागच्या अनेक हंगामांची कामगिरी पाहतो, मैदानही पाहतो. समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवरच्या डेन्व्हरमध्ये विरळ हवेमुळे चेंडू लांब जातो, हे तो हिशेबात धरतो. आणि मुख्य म्हणजे तिथला प्रत्येक संघ साखळीत १६२ सामने खेळतो. इतक्या सामन्यांत नशिबाचे चढउतार बरेचसे एकमेकांना खाऊन टाकतात.

आमच्याकडे साखळीत संघाच्या वाट्याला सामने येतात १४. दर थोड्या वर्षांनी मोठा लिलाव होऊन निम्मा संघ इकडचा तिकडे होतो. २०२३ पासून ‘इम्पॅक्ट प्लेअर’चा नियम आला आणि प्रत्येक संघाला एक जादा फलंदाज खेळवण्याची मुभा मिळाली, षटकार वाढले त्यात या नियमाचा वाटा मोठा आहे. हे सारे बाजूला ठेवून मागच्या वर्षीच्या आकड्यात दहा-वीस मिळवायचे आणि त्याला अंदाज म्हणायचे! शास्त्राचा अंगरखा उसना घेतला, की अंगात शास्त्र येत नाही.

शिवाय त्या माहेरची हकिगत तरी पुरती ऐकावी. एका हंगामात सर्वाधिक होम रनचा विक्रम ३०७ चा आहे आणि तो दोन संघांच्या नावावर आहे : २०१९ चा मिनेसोटा आणि २०२३ चा अटलांटा. पैकी मिनेसोटाचा संघ बाद फेरीतल्या आपल्या पहिल्याच मालिकेत ०-३ असा पार धुऊन निघाला; अटलांटाचा संघही पहिल्याच मालिकेत १-३ हरला. इकडे २०१२ मध्ये ख्रिस गेलने एका हंगामात ५९ षटकार मारले. त्याचा बेंगळुरूचा संघ त्या वर्षी बाद फेरीतसुद्धा गेला नाही. आणि हैदराबादने आपले एकमेव विजेतेपद मिळवले ते २०१६ मध्ये, भुवनेश्वर कुमार आणि मुस्तफिझुर रहमान यांच्या जिवावर. त्या वर्षी भुवनेश्वरने स्पर्धेत सर्वाधिक, २३ बळी घेतले होते. अंतिम सामन्यात समोर ज्या संघात कोहली आणि गेल होते, तो ८ धावांनी हरला. त्या वर्षी षटकारांचे पंचांग वाचून कोणी हैदराबादवर बोट ठेवले असते काय?

या पंचांगाचा मूळ दोष इथे आहे. त्यात चेंडू टाकणारा माणूसच नसतो. षटकार ही दोघांची कृती आहे. एकाने चेंडू टाकावा लागतो, कुठेतरी चुकावे लागते, तेव्हा दुसऱ्याचा षटकार होतो. भाकीतकार मात्र दुसरा पक्ष अस्तित्वातच नाही असे धरून चालतो. आमच्या बेला-जैनथकडच्या कापूस उत्पादकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. सरकी टोबताना एकरी इतके क्विंटल निघतील असे सांगणारे त्याला दर वर्षी भेटतात. त्या हिशेबात उघडीप नसते, गुलाबी बोंडअळी नसते, वेचणीच्या वेळचा अवकाळी पाऊस नसतो आणि भाव पडणे तर नसतेच. असा हिशेब करणारा माणूस बहुधा बियाणे विकायला आलेला असतो, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी फार पूर्वी ओळखले होते. तीच ओळख आपण मोबाइलसमोर बसलो की का विसरतो?

साहित्याची उपासना करणाऱ्या मंडळाने या विषयात का पडावे, असेही कोणी विचारील. भाषा बिघडते म्हणून. बाळ ज. पंडितांसारख्यांनी आकाशवाणीवरून मराठी समालोचन घरोघर नेले, त्या काळातल्या क्रिकेटच्या मराठीत गोलंदाजालाही जागा होती. निर्धाव षटक, त्रिफळा, पायचीत, यष्टिचीत हे शब्द कानाला किती नेमके लागतात! आजच्या भाकितांत षटकारांचा पाऊस, वादळ, आतषबाजी, सुनामी; आणि गोलंदाजाच्या वाट्याला काय, तर धुलाई आणि कत्तल. ज्या भाषेत एका पक्षाला फक्त मार खाण्यापुरतेच शब्द उरतात, त्या भाषेत तो खेळ नीट सांगता येत नाही.

षटकाराशी आमचे वैर आहे असा समज कृपया करू नये. आपणा दुभाषी घरांचा तर षटकाराशी जुना ऋणानुबंध आहे. तेलुगू घराण्यातले कोट्टारी कनकय्या नायडू १८९५ मध्ये नागपुरात जन्मले. आपण मराठी माणसे जशी तेलुगू मुलखात रुजलो, तसे ते मराठी मुलखात रुजले. डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर त्यांनी हिंदू संघाकडून एमसीसीविरुद्ध ११६ मिनिटांत १५३ धावा केल्या. त्यांत ११ षटकार होते. त्या खेळीने परक्या पाहुण्यांना आणि घरच्या संशयखोरांनाही पटले, की हिंदुस्थान कसोटीला उभा राहू शकतो. १९२८ मध्ये नियामक मंडळ स्थापन झाले, आणि १९३२ मध्ये लॉर्ड्सवरच्या पहिल्या कसोटीत तेच कर्णधार होते. त्या अकरा षटकारांचे भाकीत कोणी केले नव्हते. म्हणूनच ते अजून आठवतात. आधी पैसे मोजून आणलेल्या आश्चर्याला आश्चर्य म्हणत नाहीत.

पैसे मोजून, हे आम्ही अलंकार म्हणून लिहिलेले नाही. आमच्या परिचयातल्या एका घरातल्या मुलाने कॉलेजच्या शुल्काची रक्कम अशाच एका मोबाइलवरच्या खेळात लावली. कोणता फलंदाज किती षटकार मारील, यावर. मुलगा हुशार, गणितात चांगला. आपण जुगार खेळत नसून अभ्यास करत आहोत, असे तो शेवटपर्यंत म्हणत होता. त्याच्या वहीत रकाने आखलेले होते, सरासऱ्या काढलेल्या होत्या. ती वही पाहून आम्हाला त्या मुलाचा राग आला नाही. राग आला तो त्याला हे ज्ञान आहे असे सांगणाऱ्यांचा. तेलंगण सरकारने २०१७ मध्येच जुगारविषयक कायद्यात दुरुस्ती करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनेही तसा कायदा केला. कायद्याने दार लावले हे बरे झाले. पण भाकितांनी चाळवलेली भूक दार लावल्याने मरत नाही. ती खिडकी शोधते.

निव्वळ करमणूक आहे हो, असे म्हणणाऱ्यांना आमचे एकच सांगणे आहे. करमणूक खेळ पाहण्यात असते. खेळ सुरू होण्याआधी त्याचा निकाल मनात पक्का करून घेणाऱ्याची करमणूक होत नाही. त्याची फक्त वसुली चालू असते. तीनशे होणार असे ठरवून बसलेल्यांना त्या २७ मार्चला शार्दूलची गोलंदाजी दिसलीच नाही. त्यांना दिसल्या त्या न झालेल्या एकशे दहा धावा.

तेव्हा आमच्या घरांपुरते तरी एवढे करावे. भाकितांची पाने पोरांसमोर मोठ्याने वाचू नयेत. कोणत्या संघाचे षटकार किती, हे विचारण्याआधी त्याचा शेवटची चार षटके टाकणारा गोलंदाज कोण, हे विचारावे. घरातला मुलगा चेंडू घेऊन अंगणात उतरला, तर त्याला बॅट घे असे सांगू नये. आणि पाडव्याला पच्चडी खाताना तिच्यात कडुनिंबही असतो, तो वेचून बाजूला काढू नये. वर्षाची चव त्याच्याशिवाय पुरी होत नाही, हे आपल्या दोन्ही भाषांनी आपल्याला शिकवले आहे.