दसऱ्याची मोटार आणि खर्जाची पट्टी

खंडेनवमीस आपल्या घरी शस्त्रे आणि अवजारे पूजण्याची जुनी रीत आहे. शेतकऱ्याने कोयता-कुऱ्हाड मांडावी, सुताराने रंधा आणि करवत, शिंप्याने आपले शिवणयंत्र. आमच्या खेड तालुक्यात या पूजेला गेल्या काही दशकांत निराळेच रूप आले आहे. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत त्या दिवशी यंत्रे पुसून त्यांवर हळदकुंकू वाहिले जाते, झेंडूची तोरणे चढतात. आणि दुसऱ्या दिवशी राजगुरुनगरच्या आळीआळीतून धुतलेल्या मोटारी हार घालून उभ्या दिसतात. दसरा साडेतीन मुहूर्तांपैकी एक असल्यामुळे नवी गाडी त्याच दिवशी दारी आणावी आणि तिच्यात हौसेचे सामानही त्याच सुमारास बसवून घ्यावे, असा प्रघात पडला आहे. या हौसेच्या सामानात सबवूफर, म्हणजे खर्जाचे स्वर काढणारा मोठा कर्णा, आणि त्याला शक्ती पुरविणारा अॅम्प्लिफायर यांना आता अग्रपूजेचा मान मिळू लागला आहे. त्या अॅम्प्लिफायरवर ‘गेन’ नावाची एक लहानशी चावी असते. आजचा हा लेख त्या चावीविषयी आहे. सणाच्या पानावर एवढ्या क्षुद्र वस्तूची चर्चा कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी आपल्या घरातील तरुणांनी या सामानावर किती पैसे खर्चिले याची एकदा चौकशी करावी.

माझा भाचा चाकणच्या एका कारखान्यात नोकरीस आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडीत असा कर्णा बसवून घेतला. बसविणाऱ्याने डिकीत डोके घालून, एक गाणे लावून, चावी इकडून तिकडे फिरविली आणि ‘आता बरोबर वाजतोय’ असे सांगून पैसे घेतले. दिवाळी झाली. त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आम्ही सारे भीमाशंकरास निघालो. चास मागे पडले, वाड्याचा रस्ता लागला, आणि गाडीत तापलेल्या रोगणासारखा उग्र दर्प पसरला. प्रथम आम्हांस वाटले, इंजिनच तापले. खाली उतरून बॉनेट उघडले, पाहिले, काहीच नव्हते. डिकी उघडली तेव्हा उलगडा झाला. कर्णा मुका झाला होता आणि त्याच्या पोटातील तारेची गुंडाळी, जिला कारागीर कॉइल म्हणतात, ती जळली होती. ‘मामा, आवाज तर शेवटपर्यंत स्वच्छ होता हो,’ असे तो परत परत सांगत होता. त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि सारी मेख नेमकी तेथेच आहे.

गेनची चावी ही आवाज वाढविण्याची चावी आहे, असा बहुतेकांचा समज असतो. तो समज चुकीचा आहे. गाडीतला स्टिरिओ गाण्याचा संकेत एका बारीक तारेतून अॅम्प्लिफायरकडे पाठवितो. हा संकेत म्हणजे अगदी अल्प असा विजेचा दाब. एखाद्या स्टिरिओचा तो जास्तीत जास्त दोन व्होल्ट असतो, एखाद्याचा चार, एखाद्याचा त्याहूनही कमी. समोरचा स्टिरिओ कोणत्या जातीचा आहे हे अॅम्प्लिफायरला कसे कळावे? ते सांगण्यासाठी गेनची चावी असते. येणारा संकेत केवढा असताना आपली पूर्ण शक्ती द्यावयाची, एवढेच ती ठरविते. भजनाच्या बैठकीस बसणाऱ्यांना हे चटकन समजेल. बुवा कोणत्या पट्टीत गाणार हे विचारून पखवाजी आपला पखवाज त्या पट्टीस मिळवितो. उजव्या बाजूचे गट्टे ठोकतो, डाव्या पुडीवर ओली कणीक थापतो, कमीजास्त करून पाहतो. कणीक जास्त झाली तर आवाज बद्द, कमी झाली तर खर्जाचे गांभीर्य गेले. पण सभामंडपात मागे बसलेल्यांना ऐकू जात नाही म्हणून कोणी गट्टे ठोकीत नाही. त्यासाठी हात जोराने पडावा लागतो. गेन म्हणजे गट्टे, आणि स्टिरिओवरची आवाजाची चावी म्हणजे वादकाचा हात. दोन्हींची गल्लत झाली की कर्णा जळतो.

तो कसा जळतो हेही समजून घेण्याजोगे आहे. गाण्याचा स्वर तारेतून लाटेच्या रूपाने जातो. तिला गोलाईदार माथा असतो आणि तसाच तळ असतो. अॅम्प्लिफायर जेवढी उंच लाट उभी करू शकतो तिला एक हद्द आहे. गेन भलतीच वर नेली की संकेत त्या हद्दीपलीकडची मागणी करू लागतो. मग काय होते? पायलीचे माप भरून वरची शीग हाताने सपाट करावी, तसा लाटेचा माथा कापला जातो, तळही कापला जातो. उंची तेवढीच राहिली तरी अशी चपटी लाट गोल लाटेच्या दुपटीपर्यंत शक्ती कॉइलमध्ये ओतू शकते. कर्णा त्या शक्तीचा फार थोडा भाग आवाजात रूपांतरित करतो. उरलेली बहुतेक सारी उष्णता होते. कॉइलच्या बारीक तारेवर रोगणाचा पातळ थर असतो, वेढे चिकट द्रव्याने जोडलेले असतात. थर करपला, वेढे सुटले की खेळ संपला. म्हणूनच ‘आमचा अॅम्प लहान आहे, त्याने कर्णा कसा जळेल?’ या युक्तिवादावर विसंबू नये. शंभर वॅटचा अॅम्प्लिफायर हद्दीपलीकडे रेटला तर दोनशेच्या जवळपास शक्ती देऊ शकतो, आणि दीडशे वॅट सोसणारा कर्णा तेवढ्याने निकालात निघू शकतो.

आता भाच्याच्या तक्रारीकडे वळू. आवाज स्वच्छ का वाटला? लाट कापली गेली म्हणजे मूळ स्वरात उंच, कर्कश असे उपस्वर मिसळतात. साध्या कर्ण्यातून ते लागलीच कानाला टोचतात. खर्जाचा कर्णा मात्र उंच स्वर काढण्यासाठी घडविलेलाच नसतो, त्यामुळे तो फाटलेपणा बराचसा गिळून टाकतो. उरलेला गाण्याच्या गलबल्यात बुडून जातो. शिवाय आपला कानही फसवा साक्षीदार आहे. शक्ती दुप्पट केली तर आवाज वाढतो अवघा तीन डेसिबल, म्हणजे जेमतेम जाणवण्याइतका. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटावा यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. चावीच्या शेवटच्या वेढ्यात कानाला मिळणारा लाभ नखाएवढा असतो. कॉइलवर पडणारा भार मात्र दुप्पट होतो. कानावर भरवसा ठेवून गेन लावणारा कारागीर कितीही अनुभवी असला तरी त्या पद्धतीवर माझा विश्वास उरलेला नाही.

मापाने लावण्याची रीत अवघड नाही. विजेच्या दुकानात मिळणारा साधा मल्टिमीटर आणि पन्नास हर्ट्झचा, पूर्ण पातळीवर ध्वनिमुद्रित केलेला एकसुरी स्वर, एवढीच सामग्री लागते. प्रथम हिशेब. कर्णा किती वॅट सोसतो आणि अॅम्प्लिफायर किती देतो यांपैकी लहान आकडा घ्यावा, तोही ‘आर. एम. एस.’ या अक्षरांपुढचा. खोक्यावर ठसठशीत छापलेला ‘पीक’चा आकडा जाहिरातीसाठी असतो, त्याकडे दुर्लक्ष करावे. या आकड्याला कर्ण्याच्या ओहमने गुणावे आणि गुणाकाराचे वर्गमूळ काढावे. ४०० वॅट आणि ४ ओहम असतील तर गुणाकार १६००, वर्गमूळ ४०. म्हणजे अॅम्प्लिफायरच्या तोंडाशी ४० व्होल्ट दिसले की थांबावयाचे. येथे एक सावधगिरी हवी. पुष्कळ सबवूफरांना दोन कॉइल असतात, आणि त्या जोडण्याच्या पद्धतीप्रमाणे ओहम बदलतात. जोडणी २ ओहमची असून कोणी ४० व्होल्ट लावले तर शक्ती ४०० नव्हे, ८०० वॅट होईल. तेथे आकडा २८ च्या आसपास हवा.

मग कर्ण्याच्या तारा अॅम्प्लिफायरपासून सोडवून बाजूला ठेवाव्यात, गेन अगदी खाली आणावी, स्टिरिओवरील स्वरभेदाच्या साऱ्या चाव्या मध्यावर आणि ‘बेस बूस्ट’ बंद करावा. पुढच्या बाजूस खर्ज कमीजास्त करणारी वेगळी चावी बसविली असेल तर ती मात्र पूर्ण वर ठेवावी, कारण उद्या कोणीतरी ती फिरविणारच. स्टिरिओचा आवाज पाऊण भागापर्यंत न्यावा, एकसुरी स्वर लावावा, मल्टिमीटर ए. सी. व्होल्टवर ठेवून त्याच्या दोन काड्या अॅम्प्लिफायरच्या तोंडाशी धराव्यात. त्या एकमेकींना लागू देऊ नयेत. गेन सावकाश वर न्यावी आणि ठरलेला आकडा आला की हात काढून घ्यावा. नंतर सारे बंद करून तारा पूर्ववत जोडाव्यात. हे सर्व इंजिन चालू ठेवून, उघड्या अंगणात करावे. इंजिन चालू असता गाडीतील विजेचा दाब चौदा व्होल्टच्या घरात असतो, बंद असता साडेबाराच्या. घाटात गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून तासभर गाणी वाजविणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे; त्या वेळी बहुतेक अॅम्प्लिफायरांची हद्द खाली आलेली असते आणि लाट आधीच कापली जाते.

असे मापून लावल्यावर पहिली प्रतिक्रिया ठरलेली: ‘आवाज कमी झाला!’ विशेषतः आमच्यासारख्यांच्या घरी. भीमसेन जोशींच्या अभंगांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका पुष्कळदा बेताच्या पातळीवर मुद्रित झालेल्या असतात. त्यांत सौम्य जागांना सौम्य राहू दिलेले असते. आजचे चित्रपटगीत पहिल्या ठोक्यापासून हद्दीला चिकटवून मुद्रित करतात. वडिलांना अभंगातला पखवाज भरदार हवा म्हणून कारागिराने कानाने गेन चढविली, आणि संध्याकाळी मुलाने त्याच चावीवर नवे गाणे लावले, तर जळणारा कर्णा अभंगाने जळाला की गाण्याने? आमच्या घरात हा वाद बरेच दिवस चालला होता. माझे मत असे की दोष दोहोंचाही नाही. जुन्या अभंगासाठी समोरची आवाजाची चावी थोडी वर न्यावी, आणि नवे गाणे लावताना ती खाली आणण्याचे ध्यान ठेवावे. गेनला हात लावू नये. ती वर नेल्याने आणखी एक पीडा मागे लागते: पार्श्वभूमीचा खरखराट आणि इंजिनबरोबर चढउतार करणारी शिट्टी, दोन्ही वाढतात, आणि तानपुऱ्याच्या जागी तीच ऐकू येऊ लागते. ‘बेस बूस्ट’ची चावी तर गेनहून घातकी. सहा डेसिबलचा बूस्ट त्या खर्जाच्या पट्ट्यात चौपट शक्ती मागतो. सारे मोजमाप त्या एका चावीने व्यर्थ होते.

मला खरे नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. चाकणच्या मोटारींच्या कारखान्यांत आमची मुले दिवसभर काम करतात. तेथे चाकाचा नट किती आवळावयाचा याचे माप ठरलेले असते. टॉर्क रेंच लावल्याशिवाय नट आवळला असे कोणी म्हणत नाही, आणि अंदाजाने आवळणाऱ्यास बोलणी खावी लागतात. तीच मुले सुटी झाल्यावर स्वतःच्या गाडीत हजारो रुपयांचे सामान एका माणसाच्या कानावर सोपवून घरी येतात. सामान बसविणाऱ्या दुकानदारांनी मल्टिमीटर लावून गेन ठरवावी आणि किती वॅट, किती ओहम, किती व्होल्ट हे पावतीवर लिहून द्यावे, अशी ग्राहकाने मागणी केली तर त्यात गैर काय आहे? त्यांना दहा-पंधरा मिनिटे जास्त लागतील, एवढेच. रस्त्यावरच्या आवाजाचा प्रश्न यापेक्षा निराळा आहे; २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे, आणि डिकी उघडून चौकात खर्ज वाजविणाऱ्यास गेन नीट लावली असल्याचा बचाव तेथे चालावयाचा नाही.

भाच्याने नवा कर्णा गेल्या वर्षी घेतला. या खेपेस त्याने शेजारून मल्टिमीटर मागून आणला, अंगणात गाडी उभी केली, आणि मला कागद-पेन्सिल घेऊन वर्गमूळ काढावयास बसविले. चावी अर्ध्यापर्यंतही गेली नाही तोच आकडा आला. तेथे त्याने पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला आहे. यंदा ज्यांना असे सामान बसवावयाचे असेल त्यांनी ऐन नवमीच्या सायंकाळी जाऊ नये. त्या दिवशी दुकानांत इतकी गर्दी असते की मल्टिमीटर लावा म्हटले तर कोणी ऐकून घेत नाही. पंचमी-षष्ठीस, सकाळी दुकान उघडताना जावे.