आधी काच, मग डबा

आपल्या होस्टेलमध्ये कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोणत्या कंपनीची?" मोबाईल असो, कॅल्क्युलेटर असो की बादली! मीसुद्धा हाच प्रश्न विचारून एक जुना कॅमेरा घेतला आणि तोंडघशी पडले. या लेखात मला एवढंच सांगायचं आहे की तो प्रश्नच चुकीचा होता. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतात. संपादक मंडळाने त्या दुरुस्त केल्या असतील, अशी आशा आहे.)

माझ्या आबाजींचा अकोल्याला छोटासा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, शाळांचे ग्रुप फोटो, पासपोर्ट फोटो... डिजिटलचा जमाना आला, धंदा बसला आणि स्टुडिओबरोबर त्यांचा झेनिट कॅमेराही विकला गेला. झेनिट म्हणजे रशियन कॅमेरा, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्यातला. दणकट इतका की एखाद्याच्या डोक्यात घातला तर कॅमेऱ्याला काही व्हायचं नाही! पण लेन्स मात्र आबाजींनी विकली नाही. ते गेल्यानंतर गेल्या दिवाळीत आजीच्या लोखंडी पेटीत, नॅप्थलिनच्या गोळ्यांजवळ, एका पायमोज्यात गुंडाळलेली ती मला सापडली. हेलिओस ४४-२. ५८ मि.मी., एफ/२. मूळ रचना जर्मनीतल्या झाइसच्या बायोटार लेन्सची, युद्धानंतर रशियन कारखान्यात उतरलेली.

त्याच दिवाळीत घरात ठरलं की जुन्या शहरातलं आमचं घर पाडायचं. भिंतींना तडे गेलेत, काकांच्या मुलांना जागा पुरत नाही, बिल्डरशी बोलणं झालंय. मुहूर्त अक्षय्य तृतीयेनंतरचा. मी आजीला म्हटलं, "आजी, आबाजींच्या लेन्सने तुझा एक मस्त फोटो काढते." आजी म्हणाली, "माया एकटीचा काय करतं वं? घर येऊ दे ना त्याच्यात. थे जाऊन राह्यलं, मी तं हावोच."

एवढं एक काम होतं. आजी आणि पूर्ण घर, आबाजींच्या काचेतून. त्यासाठी कॅमेरा हवा होता.

होस्टेलमधल्या तज्ज्ञ मंडळींचं एकमत झालं की घ्यायचा तर निकॉनच. मलाही नाव ओळखीचं वाटलं. मेसचे, ट्युशनचे असे साठवलेले साडेसहा हजार देऊन एक वापरलेला निकॉन एफएम-१० घेतला आणि दीडशे रुपयांचा ॲडॅप्टर मागवला. लेन्स झकास बसली. मी जग जिंकलं!

जानेवारीत आम्ही परतवाड्यावरून चिखलदऱ्याला गेलो. देवी पॉइंटवर उभं राहून मी दरीवर फोकस करायला रिंग फिरवली. रिंग शेवटपर्यंत गेली, दरी काही स्पष्ट होईना. आधी चष्मा पुसला. मग लेन्स पुसली. मग रूममेटला डोळा लावायला सांगितला. ती म्हणाली, "अगं, धुकं असेल." धुकं नव्हतं, लख्ख ऊन होतं! समोर उभ्या मैत्रिणीचं नाक अगदी टोकदार दिसत होतं आणि तिच्यामागची अख्खी सातपुड्याची रांग खिरीसारखी.

परत आल्यावर वर्कशॉपमधल्या काकांकडून डेप्थ गेज मागून घेतला. शटर 'बी'वर उघडं धरून, लेन्स जिथे टेकते त्या कडेपासून मागे फिल्म जिथे बसते तिथपर्यंतचं अंतर मोजलं. ४६.५ मि.मी. भरलं. पुस्तकी आकडाही तोच आहे. आबाजींच्या लेन्सला मात्र ४५.४६ मि.मी. पाहिजे. फरक फक्त १.०४ मि.मी.

मेकॅनिकलवाल्यांनो, आपण फर्स्ट इयरला व्हर्निअर घेऊन पितळी तुकडे मोजतो आणि कंटाळतो ना? आता हे गणित बघा. लेन्स एवढीशी पुढे सरकली की जास्तीत जास्त किती लांबचं स्पष्ट दिसेल? फोकल लेंग्थचा वर्ग भागिले सरकलेलं अंतर. ५८ चा वर्ग ३३६४, भागिले १.०४, उत्तर साधारण ३२३५ मि.मी. म्हणजे सव्वातीन मीटर. त्यात ॲडॅप्टरची स्वतःची कड १ मि.मी. जाडीची धरली तर सगळा खेळ १.६५ मीटरवर आटोपतो. आजीचं घर मावायला मला निदान आठ-दहा मीटर मागे जाणं भाग होतं. एका मिलिमीटरने माझं घर गेलं!

यात निकॉनची काहीच चूक नाही. त्यांचं माप १९५९ पासून ठरलेलं आहे आणि त्यांच्या लेन्सला ते चोख बसतं. चूक माझी. मी कंपनी विचारली, माप विचारलं नाही. मधे काच असलेले ॲडॅप्टर मिळतात, त्यांनी लांबचं फोकस होतं. पण आबाजींच्या काचेमागे दुसरी स्वस्त काच लावायची, तर मग आबाजींची काच कशाला?

निकॉन हजार रुपये तोट्यात विकला. घर पडायला तीन महिने उरले होते. तेव्हा बाबांच्या ओळखीतून अकोल्याच्या एका निवृत्त प्रेस फोटोग्राफर काकांकडे गेले. त्यांनी लेन्स हातात घेतली, टॉर्च मारून आरपार पाहिली आणि म्हणाले, "कॅमेरा म्हंजे डबा हाय पोरी. अंधार धरून ठेवनं एवढंच त्याचं काम. फोटो काच काढते. तू डबा पाह्यला आन् काच इसरली."

मला वाटतं, जुना कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य लिहून ठेवावं. हातात लेन्स आधीपासून असेल तर निवड लेन्सपासून सुरू होते. तिची आटी कोणती, तिला अंतर किती लागतं, तिचं ॲपर्चर कोण बंद करतं, हे तीन प्रश्न आधी. रंग, नाव, फॅशन नंतर.

माझ्या लेन्सची आटी ४२ मि.मी. व्यासाची, एम-४२ म्हणतात ती. १९४९ च्या सुमारास पूर्व जर्मनीत आलेली ही आटी पुढे रशियन, जर्मन, जपानी अशा कितीतरी कॅमेऱ्यांनी वापरली. त्यामुळे पर्याय बरेच होते. पुन्हा झेनिट घ्यायचा? आबाजींचा म्हणून मन ओढत होतं. पण झेनिट-ई या मॉडेलला १/३० ते १/५०० एवढेच स्पीड आणि त्याचं सेलेनियमचं मीटर वयानुसार थकतं. प्रॅक्टिका चांगला, पण मला बघायला मिळालेल्याचा पडदा अडकत होता. पेंटॅक्स स्पॉटमॅटिक, १९६४ चा, थेट याच आटीचा. काकांकडे एक होता, पण मीटर बंद. कॅनन ईओएसचे फिल्म कॅमेरे स्वस्तात मिळतात, त्यांचं अंतर ४४ मि.मी., म्हणजे ॲडॅप्टरला दीड मिलिमीटर जागा उरते. माप अगदी बसतं. पण सेल संपला की तो कॅमेरा म्हणजे पेपरवेट.

शेवटी मी घेतला पेंटॅक्स के-१०००. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं हा कॅमेरा बनत होता. त्याची लेन्स बसवायची पद्धत वेगळी आहे, पण १९७५ साली ती बदलताना पेंटॅक्सने अंतर तेच ठेवलं, ४५.४६! तोंड मात्र मोठं केलं. त्यामुळे ॲडॅप्टरची चकती आत बसते, जाडी वाढत नाही आणि लांबचं स्पष्ट दिसतं. शटर पूर्ण मेकॅनिकल. सेल फक्त मीटरला, तोही एलआर-४४, राजकमल चौकात घड्याळवाल्याकडे मिळतो. याला चालू-बंदचं बटण नाही, लेन्सवर झाकण ठेवलं तरच सेल टिकतो. एवढं एक सांभाळावं लागतं.

घेण्याआधी काय बघायचं, तेही सांगते. मागचं दार उघडून प्रत्येक स्पीडवर शटर मारा. मोबाईलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या. १/३० ला पडदा साधारण ८ फ्रेम उघडा दिसला पाहिजे, १/१५ ला १६. (वरच्या स्पीडला हा हिशोब चालत नाही.) दाराच्या खाचेतला काळा फोम बोटाला चिकटत असेल तर तो बदलावा लागणार, नाहीतर उजेड आत शिरून फिल्म धुरकट होते. लेन्समध्ये टॉर्च मारून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का पाहा. इथे आपल्या वऱ्हाडाचा फायदा आहे. बुरशीला सतत ओल लागते. आपल्याकडे पावसाळ्याचे दिवस सोडले तर हवा कोरडी. आबाजींच्या लेन्सला एवढ्या वर्षांत बुरशीचा ठिपका नाही. तोटाही आहे. पंचेचाळीस अंशात पेटी तापते, ग्रीस पातळ होतं आणि ॲपर्चरच्या पात्यांवर तेल येतं. माझ्या लेन्सवर थोडं आहे. तिचं ॲपर्चर हातानेच मिटवायचं असतं, म्हणून चालून जातं.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, मोबाईल आहे ना? खरं आहे. रोल, केमिकल सगळं धरून मला एक फोटो तीस-पस्तीस रुपयांना पडला. मोबाईलचा फोटो फुकट आणि बहुतेक वेळा चांगलाही असतो. गळ्यात अडकवून डीपी काढण्यासाठी जुना कॅमेरा घेणार असाल तर माझा सल्ला आहे, घेऊ नका. पैसे वाचवा. मात्र घरी एखादी लेन्स पडून असेल, तर गोष्ट वेगळी. तिला तिचा डबा मिळवून देणं हे काम आहे, शौक नाही.

आणि हे काम आपल्या लोकांना नवीन नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला आणि त्यावर काढलेला 'सैरंध्री' १९२० साली प्रदर्शित झाला. त्यांच्याकडे ना इंजिनिअरिंगची डिग्री होती, ना इंटरनेट. आपल्याकडे वर्कशॉप आहे, डेप्थ गेज आहे आणि तरी आपण विचारतो, "कोणत्या कंपनीचा?"

असो. गुढीपाडव्याला सकाळी अकोल्याला पोचले. घराच्या दारात शेवटची गुढी उभारलेली. आजी लुगडं नेसून ओट्यावर बसलेली. मी रस्त्याच्या पलीकडे, समोरच्या काकूंच्या पायरीपर्यंत मागे गेले. ऊन अजून घरामागे होतं. ४०० ची कृष्णधवल फिल्म, एफ/८, १/२५०. रिंग फिरवली. आधी आजी स्पष्ट झाली, मग दार, मग गुढीचा तांब्या. थोडी पुढे फिरवली तर कौलांमागचा कडुलिंब. पान न् पान! मला तिथेच रडू आलं आणि आजी ओरडली, "काढ ना वं लवकर, पुरनाचं पाहाचं हाय मले!"

फिल्म मी होस्टेलच्या बाथरूममध्ये धुतली. डी-७६ ला २० अंशाचं पाणी लागतं आणि आपल्या टाकीचं पाणी ३२ अंश! मेसच्या फ्रिजमधला बर्फ गायब झाला होता त्या रात्री, तो कुणी नेला हे आता कबूल करते. मावशी, सॉरी. एकास एक पाणी घालून ११ मिनिटं, मधेमधे डबा हलवत. दोन मैत्रिणी मोबाईलवर वेळ लावून बाहेर उभ्या. ३६ पैकी ३१ फोटो आले. घराचे सगळे आले.

आता ते घर नाही. जागेवर खड्डा आहे आणि खड्ड्याभोवती हिरवी जाळी. फोटो आजीच्या नवीन खोलीत लावलाय. आजीने तो पाहिला तेव्हा स्वतःकडे पाहिलंच नाही. बोट ठेवून खिडक्या मोजल्या. मग म्हणाली, "त्याइचीच नजर हाय ही."

माझं मत तुम्हाला पटो न पटो, सुट्टीत घरी गेलात की माळा, पेट्या, जुन्या कपाटांचे वरचे कप्पे एकदा बघा. लेन्स सापडली तर भंगारात देऊ नका आणि लगेच कॅमेराही घेऊ नका. आधी तिचं माप शोधा. आबाजींची लेन्स आणि के-१००० दोन्ही माझ्या रूमवर आहेत, कुणाला हातात घेऊन बघायचं असेल तर जरूर या. फक्त येताना बर्फ घेऊन या.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल