कामानं दमणं आणि कामानं विझणं

ॲसिडिटी, मान आखडणं, डोकेदुखी, पहाटे तीनला जाग येणं, छातीत धडधड. या तक्रारी घेऊन तिशी-चाळिशीतली मंडळी दवाखान्यात येतात, तेव्हा बऱ्याचदा हातात तपासण्यांची जाडजूड फाइल असते आणि त्यातले बहुतेक रिपोर्ट नॉर्मल असतात. अशा वेळी मी दोन साधे प्रश्न विचारतो. रविवारी संध्याकाळी तुम्हाला कसं वाटतं? आणि चार दिवस गावी गेलात तर हा त्रास कमी होतो का? पहिल्या प्रश्नाला "सोमवारच्या विचारानंच पोटात गोळा येतो" आणि दुसऱ्याला "गावी असताना काहीच होत नाही" असं उत्तर आलं, की समजावं: दुखणं खरं आहे, पण त्याचं मूळ कामाच्या जागी असू शकतं.

या दुखण्यावर सहसा दोनच सल्ले मिळतात. एक, "थोडं कणखर व्हा". दुसरा, "योगा करा, फिरायला जा". पहिला सल्ला चुकीचा आहे आणि दुसरा अपुरा. माझ्या मते कामाच्या ताणावरचा खरा प्रतिबंधक उपाय आहे करुणा: स्वतःविषयी, शेजारच्या टेबलावरच्या माणसाविषयी आणि हाताखालच्या माणसांविषयी. हा शब्द कीर्तनातला वाटेल, पण तो ऑफिसात कसा चालतो ते पाहू.

ताण वेगळा, बर्नआऊट वेगळा

ताण म्हणजे शरीरानं केलेली तयारी. मार्चअखेरीला बँकेत, परीक्षांच्या दिवसांत शाळेत, गणपतीच्या बंदोबस्तात पोलिसांना तो येणारच. ॲड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरकं वाढतात, नाडी जलद होते, लक्ष एकवटतं आणि काम पार पडतं. नंतर पुरेशी विश्रांती मिळाली, की शरीर पूर्वपदावर येतं. या ताणानं माणूस दमतो, पण झोपून उठला की ताजातवाना होतो.

अडचण येते ती मार्चअखेर बाराही महिने चालली की. शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. बीपी वाढतं, झोप तुटक होते, साखर बिघडते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये एकत्रित आकडेवारी मांडली. आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांशी तुलना करता, 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी आणि हृदयरोगानं मृत्यूचा धोका सुमारे 17 टक्क्यांनी जास्त आढळला. म्हणजे हा केवळ मनाचा खेळ नव्हे.

मनाच्या पातळीवर हाच ताण साचत गेला, की बर्नआऊट येतो. हा शब्द वैद्यकात आणला हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं, 1974 मध्ये. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात मनापासून राबणारे स्वयंसेवक हळूहळू थकून कोरडे होत चाललेले त्यांनी पाहिले. यातली एक गोष्ट लक्षात ठेवा: विझले ते कामचुकार नव्हते, सर्वांत जास्त जीव ओतणारे होते.

तीन खुणा

ख्रिस्टिना मॅसलॅक या संशोधिकेनं बर्नआऊटची तीन अंगं सांगितली. स्वतःला तपासून पाहा.

1. पूर्ण थकवा. सुट्टीनंतरही थकवा जात नाही. सकाळी उठतानाच दिवस संपल्यासारखा वाटतो.

2. कोरडेपणा. ही खूण सगळ्यांत जास्त दुर्लक्षिली जाते. ज्या नर्सला रुग्णाचं नाव, गाव, घरची माणसं ठाऊक असायची, ती "सात नंबरचं बेड" म्हणू लागते. शिक्षकाला मुलं कटकट वाटू लागतात, काउंटरवरचा माणूस समोरच्याकडे न बघता "उद्या या" म्हणतो. आपण याला स्वभाव म्हणतो. कित्येकदा तो स्वभाव नसतो, मनानं स्वतःला वाचवण्यासाठी ओढलेलं शटर असतं.

3. आपण काही कामाचे नाही ही भावना. काम नीट झालं तरी समाधान नाही, छोटी चूक झाली की रात्रभर तीच डोक्यात.

यातलं एखादं लक्षण आठवडाभर राहिलं तर घाबरू नका. तिन्ही एकत्र आणि महिनोन्महिने असतील, तर मात्र थांबून विचार करा.

दोन गोष्टी तपासून घ्या. सततचा थकवा रक्त कमी असल्यानं, थायरॉइडमुळे, बी-12 किंवा ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे, मधुमेहामुळे किंवा झोपेत श्वास अडखळण्यानंही येतो. म्हणून "टेन्शनच असेल" असं परस्पर ठरवू नका. दुसरं, नैराश्य. बर्नआऊटची नाळ कामाशी असते, निदान सुरुवातीला कामापासून दूर गेल्यावर बरं वाटतं. नैराश्यात आवडतं गाणं, जेवण, नातवंडं, कशातच रस उरत नाही. दोन्ही एकत्रही असू शकतात आणि हा फरक घरी बसून ठरवायचा नाही, त्यासाठी डॉक्टर आहेत.

करुणा म्हणजे कीव नव्हे

"दुसऱ्यांचं दुःख मनाला लावून घेऊनच तर मी थकलो, आता आणखी करुणा कुठून आणू?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मेंदूच्या अभ्यासात मिळतं. दुसऱ्याचं दुःख स्वतःला जाणवणं ही समानुभूती. ते दुःख कमी व्हावं अशी इच्छा आणि त्यासाठी पुढे केलेला हात ही करुणा. ओल्गा क्लिमेकी, टानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी काही लोकांना आधी समानुभूतीचं आणि नंतर करुणेचं प्रशिक्षण दिलं आणि इतरांच्या यातनांच्या चित्रफिती दाखवल्या. समानुभूतीच्या प्रशिक्षणानंतर बघणाऱ्यांना स्वतःला जास्त त्रास झाला. करुणेच्या प्रशिक्षणानंतर तो त्रास ओसरला, प्रसन्न भावना वाढल्या आणि मेंदूतले वेगळे भाग काम करताना दिसले.

थोडक्यात, बुडणाऱ्याबरोबर बुडणं माणसाला थकवतं. काठावर पाय रोवून दोर टाकणं तेवढं थकवत नाही.

सुरुवात स्वतःपासून

चूक झाल्यावर तुम्ही मनात स्वतःला काय म्हणता, ते एकदा कागदावर लिहा. तेच शब्द तुम्ही धाकट्या बहिणीला म्हणाल का? बहुतेक जण नाही म्हणतात. मग ते स्वतःला का? क्रिस्टिन नेफ यांनी स्व-करुणेचे तीन भाग सांगितले आहेत: स्वतःशी मायेनं वागणं, "असं सगळ्यांचंच होतं" हे ओळखणं आणि आपल्या त्रासाकडे तो न वाढवता, न लपवता बघणं. हे लाड नव्हेत. स्वतःला चाबूक मारणारा माणूस चूक लपवतो, स्वतःला समजून घेणारा ती दुरुस्त करायला बसतो.

रोजच्या व्यवहारात याचा अर्थ साधा आहे.

- जेवणाचा डबा कीबोर्डपासून दूर, निदान वीस मिनिटं.
- झोपेचे सात तास ही चैन नाही, गरज आहे. शिफ्ट बदलत असेल तर झोपेची खोली अंधारी ठेवा आणि घरच्यांना तुमची झोपेची वेळ सांगून ठेवा.
- चहा-कॉफीचे कप मोजा. दुपारनंतरचा कप रात्रीची झोप खातो. ताण घालवायला दारू-तंबाखूचा आधार तर नकोच.
- "नाही" म्हणायचं वाक्य आधी तयार ठेवा: "हे काम मी करीन, पण मग आधीचं काम सोमवारी मिळेल. आधी कोणतं करू?" यात उद्धटपणा नाही, हिशेब आहे.

शेजारच्या टेबलावर लक्ष असू द्या

विझत चाललेल्या माणसाला स्वतःला ते उशिरा कळतं. शेजाऱ्याला आधी दिसतं. नेहमी डबा वाटून खाणारी सहकारी एकटी बसू लागली, वेळेवर येणाऱ्याचं उशिरा येणं वाढलं, हसतमुख माणूस तडकू लागला, तर चहाला बाहेर न्या आणि विचारा, "अलीकडे जास्त ओढाताण होतेय का?" मग गप्प राहून ऐका. "आमच्या वेळी तर", "सगळ्यांनाच असतं", "पॉझिटिव्ह राहा" ही तीन वाक्यं टाळा. त्याऐवजी एक छोटं काम उचला: "आजचा रिपोर्ट मी टाकतो, तू घरी जा." एका संध्याकाळची अशी मदत तासभराच्या उपदेशाहून जास्त उपयोगी पडते.

आणि हे वरिष्ठांसाठी

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये आजारांच्या वर्गीकरणात बर्नआऊटची नोंद केली, ती आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित स्थिती म्हणून. कामाच्या जागचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्यानं ती येते, असं तिथं म्हटलं आहे. तो कुणी हाताळायचा? आपल्याकडे ही जबाबदारी हळूच कर्मचाऱ्यावर ढकलली जाते. तणावमुक्तीचं व्याख्यान ठेवायचं आणि त्यासाठी रविवारी सकाळी सगळ्यांना बोलवायचं, ही आपली पद्धत.

मॅसलॅक आणि त्यांचे सहकारी मायकेल लायटर यांनी बर्नआऊटची मुळं सहा ठिकाणी शोधायला सांगितली: कामाचं ओझं, कामावरचा ताबा, मोबदला आणि कौतुक, सहकाऱ्यांमधलं नातं, न्याय आणि मूल्यं. या यादीत कर्मचाऱ्याचा कणखरपणा नाही. म्हणून तुमच्या हाताखाली चार माणसं असतील, तर तुमची करुणा शब्दांत नको, वेळापत्रकात दिसू द्या. रात्री दहानंतर व्हॉट्सॲपवर काम पाठवू नका. सलग रात्रपाळ्या एकाच्याच वाट्याला येताहेत का, ते बघा. रजेचा अर्ज आल्यावर पहिला प्रश्न "का?" नको, "काम कोणाकडे सोपवू?" असू द्या. रिकाम्या जागा भरा, कारण दोघांचं काम एकाला देऊन त्याच्याकडून हसऱ्या चेहऱ्याची अपेक्षा करणं हा अन्याय आहे.

"असं केलं तर माणसं डोक्यावर बसतील," असं अनेक वरिष्ठांना वाटतं. करुणा म्हणजे ढिलाई नव्हे. चूक दाखवायचीच, पण चारचौघांत पाणउतारा करून नव्हे. जिथं ओरडा बसतो, तिथं चुका थांबत नाहीत, फक्त लपतात. इस्पितळात लपलेल्या चुकीची किंमत रुग्ण मोजतो.

डॉक्टरांकडे कधी यावं?

दोन-तीन आठवडे झोप नाही, कामावर जाताना धडधड आणि घाम, वाढलेली दारू किंवा कारण नसताना येणारं रडू, यातलं काहीही असेल तर थांबू नका. छातीत दुखलं किंवा दडपण आलं, तर ते ताणामुळे आहे असं गृहीत न धरता लगेच इस्पितळ गाठा. "जगण्यात अर्थ नाही" असे विचार येत असतील, तर आत्ताच घरातल्या कुणाला तरी सांगा आणि केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेला 14416 वर फोन करा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.

आज एवढंच करा: स्वतःला वरच्या तीन खुणा लावून पाहा आणि उद्या कामावर गेल्यावर एका सहकाऱ्याला मनापासून विचारा, "कसा आहेस?" उत्तर "मजेत" असं आलं, तरी क्षणभर थांबा. पुष्कळदा खरं उत्तर त्यानंतर येतं.